दारात कोण होतं?

दारावर थाप पडली. शालिनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं, पदर सारखा केला, दाराशी गेली, कडी काढली, दार जरासं किलकिलं झालं आणि आमच्या वाडीची लाईट गेली.

आमच्या माजघरात दाटीवाटीनं बसलेल्या बायकांनी लाईटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

"मेल्यांका आजच दिवस गावलो?" शेजारची सरूकाकी काळोखात ओरडली. "वरीसभर डोळे फोडून बघलंय, आणि तोंड दिसाची येळ इली तर काळोख!"

"येयत गो लाईट. बसा जरा," कोणीतरी म्हणालं.

"येतली काय! सकाळी येतली."

मी कंदील पेटवला. आई टीव्हीसमोर तशीच बसून होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आमच्या दारातून खाडीपलीकडचा बाजार दिसतो. त्यांची लाईन वेगळी, त्यामुळे तिकडे लखलखाट होता. आईनं तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "थय लाईट आसा." बस्स, एवढंच. बाकीच्या बायका शिव्या देत, एकमेकींच्या पायांवर पाय देत घरोघर गेल्या.

ती मालिका होती 'धुक्यातला थांबा'. मोहन नावाचा एसटीचा कंडक्टर घाटातल्या एका थांब्यावर धुक्यात खाली उतरतो आणि परत येतच नाही. गाडी जागच्या जागी, तिकिटांची पेटी सीटवर, माणूस गायब. त्याची बायको शालिनी वाट बघत राहते आणि कदम नावाचा एक तिरसट पोलिस अधिकारी शोध घेत राहतो. 'विचारतो कोण ते सोडा, विचारत नाही कोण ते बघा,' हे त्याचं पालुपद आमच्या वाडीतली शेंबडी पोरंसुद्धा म्हणायची. वाडीत सरळ दोन तट पडले होते. एक 'मोहन जितो आसा' वाल्यांचा, दुसरा 'मोहनाक मारलो' वाल्यांचा. नळावर त्यावरून कळश्या आपटल्या जायच्या. दोन सख्ख्या जावांनी अबोला धरला होता. अजूनही मिटलेलं नाही ते. आमच्या वाडीचा फोनवर गट आहे, त्यात वर्षातून एकदा कोणीतरी त्या किलकिल्या दाराचा फोटो टाकतं, की झालंच. दुबईतला माझा चुलतभाऊ त्या भांडणात गट सोडून जातो आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप परत येतो. मी त्यात कधी लिहीत नाही.

आई कुठल्याच तटात नव्हती. ती रोज वेळेवर बसायची, बघायची आणि संपलं की उठून भाकऱ्या थापायची.

त्या संध्याकाळी बायका गेल्या आणि बाबीकाका आला. माझ्या वडलांचा धाकटा भाऊ. आमच्या दाराला कडी नसल्यासारखीच होती, त्यामुळे तो थेट आत आला. कडी होती, पण वडील गेले त्या दिवसापासून आईनं ती लावू दिली नव्हती, आणि खाऱ्या हवेनं गंजून ती आपल्या जागी चिकटून बसली होती.

"काय वयनी," काका म्हणाला, "लागलो काय कौल?"

त्याची ही थट्टा होती, पण तिच्यात रागच जास्त होता. कारण असं होतं.

माझे वडील विश्राम तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. मी लहान असताना नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच फेरीला अचानक तुफान झालं आणि त्यांची होडी पलटली. होडीवर चौघं होते. दोघांची प्रेतं देवगडच्या बाजूला लागली. भिवा नावाचा, सगळ्यात कोवळा खलाशी जिवंत सापडला. वडील सापडलेच नाहीत. भिवा इस्पितळात असताना आईनं त्याला एकच विचारलं होतं, शेवटचं बघितलंस तेव्हा ह्यांच्या हातात काय होतं? भिवा म्हणाला, "डिझेलचो रिकामो कॅन होतो, काकी."

त्या एका कॅनवर आमचं घर बारा वर्षं तरंगलं. कॅन होता म्हणजे बुडाले नसणार. कारवारला लागले असतील. एखाद्या परदेशी बोटीनं उचललं असेल. डोक्याला मार लागून नाव-गाव विसरले असतील. आई कुंकू लावत होती, हळदी-कुंकवाला जात होती, आणि कडी न लावता झोपत होती.

बारा वर्षं झाली की हरवलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग त्याचे दिवस घालतात. काकाला ते त्या वर्षीच करायचं होतं, गणपती झाल्यावर आणि पितृपक्ष लागायच्या आत. "माझो भाव बारा वर्सां उपाशी आसा," तो म्हणायचा. "कावळ्याक घास घालूक गेलंय तर भटजी म्हणतत, मेलो म्हणान कोणी सांगल्यान? वयनी, जितो तर नाय, मेलो तर नाय, असो किती दिवस फिरवतलास तेका?" आई उठून चुलीकडे जायची. शेवटी देवाला कौल लावला. आमच्याकडे देवाच्या अंगावर फुलांचे कळे चिकटवतात, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. अख्खी सकाळ गेली. एकही कळा पडला नाही. गुरवसुद्धा घामाघूम झाला.

तेव्हा देवळाच्या पायरीवर, चार माणसांत, आई म्हणाली होती, "शनवारी ती मालिका संपता. मगे सांगतंय."

"देवान देऊक नाय तो कौल टीव्ही देतलो?" काका भडकला होता. लोक हसले होते. पण त्यानं भटजींना सोमवारचं सांगून ठेवलंच.

आणि आता शनिवार काळोखात बुडाला होता.

"उद्या सांगतंय भावोजी," आई म्हणाली. "उद्या सांजेपर्यंत."

सकाळी लाईट आली. मी पेपरात बघितलं, दुपारी तोच भाग पुन्हा दाखवणार होते. मला हायसं वाटलं. मी तेव्हा मालवणला कॉलेजात शिकत होते, आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आईनं असल्या खुळ्या गोष्टीवर बाबांचं मरण-जगणं टांगून ठेवावं याची मला लाज वाटत होती, आणि तरीही रात्रभर मी देवाला म्हणत होते, दारात मोहन असू दे.

"आये, दुपारी परत लागता. बघूया."

"माका बघूचा नाय," आई म्हणाली. ती नवं लुगडं नेसत होती. "माका लोकांकडसून आयकाचा आसा. तू येतंस?"

"अगो, पण दुपारी आपल्याच घरात..."

"येतंस काय नाय?"

होडीनं खाडी ओलांडून आम्ही बाजारात गेलो. पहिलं घर कुसुम सावंतीणीचं. किराणा दुकान मागे आणि पुढे तोंड, अशी बाई. आम्हाला बघताच गिऱ्हाईक सोडून आली.

"लाईट गेली ना तुमची? अरे देवा! अगो, तो इलो!"

"तोंड दाखवल्यानी?" आईनं विचारलं.

"तोंड नाय दाखवक. दार उघडला, शालिनीचा तोंड दाखवल्यानी, आणि संपली. पण ती हसली गो! रडता-रडता हसली. परको माणूस बघून बाई अशी हसता?"

"तुमका काय वाटता?" आई तिच्याकडे सरळ बघत म्हणाली. "तो येतलो?"

कुसुमताईच्या हातात साखरेची पुडी होती. ती तिनं उगाचच दोनदा दोऱ्यानं बांधली. "येतलो गो बाय," ती म्हणाली, आणि एकदम पदर तोंडाला लावून रडायला लागली. "माझा मन सांगता. येतलो."

मला वाटलं, काय ही बाई, मालिकेसाठी रडते.

तिथून बर्वे मास्तरांकडे. निवृत्त झाले होते तरी छडी तोंडात राहिली होती. अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते.

"फसवणूक आहे शुद्ध!" आईनं विचारायचा अवकाश, ते सुरू झाले. "वर्षभर रहस्य रहस्य म्हणून लोकांना बसवून ठेवायचं आणि शेवटी दार अर्धं उघडून पाटी लावायची, समाप्त! आणि लोक म्हणतात मोहन आला. अहो, मोहन कसला? कदम होता तो. बातमी घेऊन आला होता. ती बाई हसत नव्हती, तिचा चेहरा वाकडा झाला होता."

"म्हणजे तो येवचो नाय, मास्तर?"

"कसा येईल? इतक्या वर्षांनी पाण्यातून कोण..." मास्तर थांबले. हातातली सुपारी खाली पडली. "घाटातून. घाटातून कोण परत येतं, असं म्हणत होतो मी."

"होय," आई म्हणाली. "घाटातसून."

मास्तरांनी आत हाक मारून आमच्यासाठी कोकम सरबत मागवलं, आणि आम्ही ते पिऊन होईपर्यंत सुपाऱ्यांकडेच बघत राहिले. त्यांनी मला पाचवीत भर वर्गापुढे उभं करून वडलांच्या नावापुढे 'श्री' लिहायला लावलं होतं, 'कैलासवासी' नको म्हणून. तेच मास्तर.

अशी आणखी चार-पाच घरं झाली. कोणी म्हणे आला, कोणी म्हणे मेला, कोणी म्हणे दारात कोणीच नव्हतं, वारा होता. बुटांवरून वाद, सावलीवरून वाद. एका घरात तर नवरा-बायकोच आमच्यासमोर हमरीतुमरीवर आले. आई सगळ्यांना तेवढंच विचारत होती, तो येतलो? आणि उत्तर देताना प्रत्येक जण कुठेतरी भलतीकडेच बघत होता. ऊन चढलं. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं पसरलं होतं. मला रडू यायला लागलं.

"आये, पुरे आता. ह्येच्यातसून कसलो कौल मिळूचो नाय. अर्धे होय म्हणतत, अर्धे नाय म्हणतत."

"एक घर ऱ्हवला," ती म्हणाली.

ते घर खाडीच्या मुखाशी, आमच्याच बाजूला होतं. भिवाचं.

भिवा आता तिशीचा झाला होता, दोन पोरांचा बाप. होडीवरून आला की मासळीचा पहिला वाटा तो आमच्या ओटीवर आणून ठेवायचा. "काकी, म्हावरा!" अशी हाक मारायचा आणि आई बाहेर येईपर्यंत कुंपणाच्या गडग्यापलीकडे गेलेला असायचा. बारा वर्षं. सगळी वाडी त्याला देवमाणूस म्हणायची, मीसुद्धा.

तो मांडवात जाळं शिवत होता. आम्हाला बघून उभा राहिला. त्याच्या बायकोनं, सुवर्णानं, चटई टाकली. आई टेकली, पाणी प्यायली.

"भिवा, काल बघलंस मालिका?"

"नाय काकी. माका टायम नाय."

"खोटा कित्याक सांगतास?" सुवर्णा हसत म्हणाली. "बाजारात मेव्हण्याकडे बसान बघलास की! आणि घराकडे येवन जेवाक पण नाय."

भिवानं तिच्याकडे असं बघितलं, की ती हसायची थांबली आणि चहा ठेवते म्हणून आत गेली.

"दारात कोण होतो, भिवा?"

"माका म्हायत नाय."

"लोक म्हणतत इलो. तुका काय वाटता? तो येतलो?"

भिवानं जाळ्याची सुई हातात फिरवली. आई पुढे सरकली. तिचा आवाज चढला नाही. उलट खालीच आला, पोराला झोपवताना येतो तसा.

"वाडीतलो एकूण एक माणूस माका बारा वर्सां इचारता, काय खबर? कुत्र्या-मांजराक तोंड आसता तर ती पण इचारती. तू माझ्या घराक रोज म्हावरा दिलंस. तू एकदापण इचारूक नाय. कित्याक रे?"

"काकी..."

"भितुर पण कधी इलंस नाय."

"काकी, माका नको इचारू."

"उद्या ह्येंका जाळतत, भिवा. गवताचो पुतळो करून जाळतत. जाळूचे आदी माका कळाक होया. मी तुज्या पाया पडतंय." आणि ती खरंच वाकली.

भिवा मागे सरकला, जाळ्यात पाय अडकून खाली बसला, आणि मग ते सगळं बाहेर आलं. रडत, हुंदके देत, मधेच थांबत.

"कॅन एकच होतो, काकी. दोघांनी धरलेलो. कॅनाक चीर पडली होती, भितुर पाणी जाय होता. दोघांच्या वजनान बुडाक लागलो. मी आराडलंय. तांडेल म्हणाले, तू धर घट्ट, माका पवूक येता. येवडी दर्या होती, काकी, कोण पवतलो? तेंनी हात सोडल्यानी. माज्याकडेच बघी होते. मगे लाट इली. मगे नाय दिसाक."

"तू म्हटलंस कॅन होतो!" मी किंचाळले. "आमका सांगलंस बाबांच्या हातात कॅन होतो!"

"होतो!" तो ओरडला. "पयलो होतो! मी खोटा नाय बोलाक. काकी खाटीकडे उबी होती, हातात तुका धरून. हातात काय होता, इचारल्यान. माज्या तोंडातसून त्येवडाच इला. मगे काकीचा तोंड बघलंय, आणि फुडला माका सांगूक जमाक नाय. म्हटला उद्या सांगया. उद्या सांगया."

मी त्याच्यावर धावून गेले असते. आईनं माझा हात धरून ठेवला होता, इतका घट्ट की नंतर मनगटावर वळ उठले.

"काय बोलले?" तिनं विचारलं. "हात सोडताना काय बोलले?"

"'घराकडे सांग' म्हणाले."

"काय सांग?"

भिवा पायात अडकलेलं जाळं सोडवू लागला.

"काय सांग, भिवा? आठव. पाया पडतंय, आठव."

"फुडला आयकाक नाय इला, काकी. तोंड हलताना बघलंय. लाट इली."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. सुवर्णा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आई उठली, लुगड्याची वाळू झटकली. भिवाच्या डोक्यावर तिनं हात ठेवला की नुसता आधाराला टेकला, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी येताना वाटेत मी थांबले. "तुका कधीपासून म्हायत होता?"

"म्हायत नाय होता. दिसा होता."

"मगे बारा वर्सां इचारूक कित्याक नाय?"

"इचारलंय आसतंय तर सांगल्यान आसता," आई म्हणाली. "मगे मी काय करतंय आसतंय?" थोडं चालून गेल्यावर ती म्हणाली, "बाकीच्यांका तेवडाच इचारूचा होता, कोण अजून ह्येंची वाट बघता काय. 'काय खबर' सगळे इचारतत, पण हे येतले काय नाय, ता माज्यासमोर कोण बोलणा नाय. मालिकेचा इचारला की बोलतत." अर्ध्यांनी होय म्हटलं होतं. तिनं ते मोजलं नव्हतं, पण मला वाटतं तिला त्यातच थोडी सोबत मिळाली असावी.

सोमवारी खाडीच्या काठावर पुतळा झाला. भटजींनी दर्भाचे हात-पाय बांधले, नारळाचं डोकं केलं. आईनं सकाळीच, बायका यायच्या आत, स्वतःच कुंकू पुसलं होतं. पेटवायची वेळ आली आणि बाबीकाका, ज्यानं वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं, तो हातातलं पेटतं लाकूड घेऊन नुसता उभा राहिला.

"वयनी, ह्या वर्सा नको," तो एकाएकी रडत म्हणाला. "आणखी वरीसभर थांबूया. कोण सांगा!"

"लावा भावोजी," आई म्हणाली.

भिवा लांब, होड्यांच्या आडोशाला उभा होता. पुतळा जळेपर्यंत तो तिथेच होता. आईनं मला त्याला बोलवायला पाठवलं. तो आला नाही. दुसऱ्या दिवसापासून मासळीही आली नाही, आणि पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर तो बायकापोरं घेऊन रत्नागिरीला गेला तो गेलाच. मी त्याला क्षमा केलेली नाही. आईनं केली की नाही, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

त्या सोमवारी दिवेलागणीला सगळे गेले. आई दाराशी गेली आणि कडी लावायला लागली. कडी हलेना. गोडेतेल घातलं, तरी हलेना. ती स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली आणि ठोकू लागली. बारा वर्षांचा गंज पापुद्र्यांनी खाली पडत होता. शेजारी लोक आपापल्या दारात येऊन उभे राहिले असतील. शेवटी कडी कोयंड्यात बसली.

आई वरवंटा हातात धरूनच दाराला पाठ टेकून खाली बसली. सकाळपासून ती रडली नव्हती. आताही रडली नाही. माझ्याकडे बघून तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं,

"काय सांगूचा होता गो ह्येंका?"